पाच पावलं अलीकडं

मनकर्णाच्या घरात पहिला चहा मेलेल्या माणसाला जायचा. जित्यांनी नंतर प्यायचा. सून सविता पातेलं गॅसवर ठेवायची, पण पहिली धार कुणाच्या कपात पडणार हे ठरलेलं होतं, आणि त्यावरून सविताचं तोंड रोज सकाळी जरासं वाकडं व्हायचं. म्हातारी तिकडं बघायचीही नाही. कपावर बशी पालथी घालायची, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या धरायची, गाईच्या दाव्याचं टोक मनगटाला गुंडाळायची आणि रानाकडं चालू लागायची. कनवटीला तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असायचीच.

सोनईकडून येणारा डांबरी रस्ता सोडला की पाटाच्या चारीच्या कडेनं कच्ची वाट लागते. त्या वाटेवर डाव्या हाताला कानिफनाथाचं चार एकर रान, आणि रानाच्या पार शेवटाला, चुलत दीर पुंजारामच्या हद्दीजवळ, त्याचा ओटा. विटांचा, गुडघ्याएवढा उंच, वर पांढरी फरशी. फरशीवर फोटो छापून घेतलेला. फोटो आधारकार्डावरचा, त्यामुळं कानिफनाथ त्यात कोंबडी चोरताना सापडल्यासारखा दिसायचा. "जिते हुते तवा बरे दिसायचे," मनकर्णा फरशी पदरानं पुसताना रोज म्हणायची.

पाणी शिंपडायचं, चहा ठेवायचा. मग तळहातावर तंबाखू मळायची. तिनं स्वतः जन्मात कधी तंबाखूचं बोट जिभेला लावलं नव्हतं, पण वर्षभरात हात असा बसला होता की अंगठ्याच्या चार फेऱ्यांत चुना बरोबर मुरायचा. चिमूट फरशीवर ठेवून ती गाय बांधायला जायची. ओट्यापासून पाच पावलं अलीकडं, लिंबाच्या सकाळच्या सावलीत, तिनंच एक खुंटा ठोकून घेतला होता. गाय बांधली, तिच्या पुढ्यात घासाची पेंढी टाकली, की ओट्याकडं तोंड करून, मांडी घालून ती बोलायला बसायची. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, चारीला पाणी कधी सुटणार, सविता भाजीत तेल किती ओतते, सगळं. कधी अर्धा तास, कधी पाऊण. तोवर चहा निवायचा आणि बशीला मुंग्या लागायच्या.

लोक हसायचे. हसोत बापडे. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं मेलेलं तोंडसुद्धा तिला दिसलं नव्हतं, आणि हे दुखणं हसणाऱ्यांपैकी एकालाही नव्हतं. गेल्या साली पाडव्याच्या सुमाराला पित्ताशयातले खडे काढायला तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी इकडं कानिफनाथ मोटार चालू करायला गेला आणि विहिरीच्या काठावर बसला तो बसलाच. पोटाला टाके आहेत, धक्का सोसायचा नाही, म्हणून तिला कुणी काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी घरी आणलं तेव्हा दारात माणसं बसलेली पाहून तिला वाटलं, आपल्यालाच बघायला आलीत. पुढं दीड महिना घराबाहेर पाऊल नाही. ती पहिल्यांदा रानात गेली तेव्हा जमीन नांगरून झाली होती, ओटा तयार होता, आणि मुलगा बिभीषण म्हणाला होता, "आई, अण्णांना हितं जाळलं." तेवढ्या चार शब्दांवर ती वर्षभर चहा नेत होती.

यंदा चैत्रात वर्षश्राद्ध झालं आणि लगोलग बिभीषणानं सिमेंटचे खांब आणले. ओट्यापासून सुरुवात करून थेट चारीपर्यंत त्यानं सरळ रांगेत खांब रोवले. मधला जुना बांध त्यानं गेल्याच वर्षी ट्रॅक्टरनं सपाट केला होता. हद्दीचे दगड कुठं गेले ते त्या ट्रॅक्टरलाच ठाऊक. उसाची ट्रॉली वळायला जागा पुरत नाही, ही त्याची जुनी रड. खांब रोवल्यावर जागा ऐसपैस झाली, फक्त ती पुंजारामची होती. पुंजारामनं येऊन शिव्या दिल्या, यानं परत दिल्या, काठ्या निघता निघता राहिल्या, आणि शेवटी पुंजारामनं सरकारी मोजणी आणली. नोटीस आली त्या दिवसापासून बिभीषण आईशी फार गोड बोलायला लागला.

"नेला का चहा अण्णाला?" तो सकाळी उठल्या उठल्या विचारायचा. ज्या पोरानं वर्षात एकदा ओट्यावर फूल ठेवलं नव्हतं, तो आता म्हातारीच्या मागोमाग येऊन मोबाईलवर तिचे फोटो काढायचा. "जरा वाकून बस. हात जोड. डोळ्याला पदर लाव."

"डोळ्याला काय झालंय माझ्या?"

"लाव म्हनतो तर लाव ना."

ती लावायची. उशिरा का होईना, पोराला बापाची आठवण आली, असं समजून ती उलट सुखावली होती. आई झाली की बाई अशीच आंधळी होते, त्याला इलाज नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी पुंजाराम खांबांच्या पलीकडं येऊन उभा राहिला. साठीचा काटकुळा गडी, पायजमा पोटरीवर गुंडाळलेला. दोन्ही घरांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं. कानिफनाथाच्या मर्तिकाला तेवढा तो आला होता. खांदा दिला होता, आणि सरणाची लाकडंही त्याच्याच बाभळीची होती.

"वैनी," तो म्हणाला, "उद्या तेवढं पोराला नीट वागाय सांगा. मोजनीच्या मान्सांम्होरं तमाशा नको."

"तमाशा तुमी मांडलाय, भावजी. मेलेल्या भावाच्या उरावर मोजनी आनली."

"ओटा माझ्या गटात हाय."

"आसंल. घाला मग पहार. भावाच्या डोक्यात पहार घालायची तेवढी राह्यलीय तुमची."

पुंजाराम बाजूला थुंकला. "डोक्यात," तो म्हणाला. "डोकं कुठं हाय त्ये तरी म्हाईत हाय का तुमाला?"

"म्हंजे?"

इथं तो गप्प बसला असता तर बसलाही असता. पण महिनाभर बिभीषणाच्या शिव्या खाऊन त्याचं पोट भरलं होतं. त्यानं हात लांब केला आणि बोट थेट गाईवर धरलं.

"तितं. जितं तुमी रोज गाय बांधता तितं. सरन म्या रचलंय वैनी, मी इसरंन व्हय? पाय लिंबाकडं, डोकं चारीच्या अंगाला. तुमच्या पोरानं ओटा बांधला पाच पावलं हिकडं, माझ्या रानात. मेलेल्या मान्साचा ओटा कोन हालवतंय, म्हनून."

गाय तेवढ्यात शेपूट वर करून मुतायला लागली. धार बराच वेळ चालली. पुंजारामनं मान फिरवली. मनकर्णाला फिरवता आली नाही.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'तू' कधी आलं ते तिला कळलं नाही. "हातभर जमिनीसाठी भावाला हिकडचा तिकडं करतोस."

"मी कशाला खोटं बोलू. पोराला इचारा. न्हाईतर सुनंला इचारा." तो वळून चालू लागला.

ती पोराला विचारायला गेली नाही. तो फोटो काढताना कसा बोलत होता ते तिला आता आठवत होतं.

दुपारी सासू-सुना पडवीत कांदा निवडायला बसल्या. मोठा कांदा एका ढिगात, बारीक गोल्टी दुसऱ्या ढिगात, सडका दाराबाहेर. पत्रा तापलेला, अंगावर घामोळं उठलेलं, कांद्याची साल घामाला चिकटत होती. मनकर्णानं वर न बघता विचारलं, "सविता, मामांना जाळलं त्या दिशी तू गेल्ती का रानात?"

"बाया जात्यात व्हय?"

"आन ओटा बांधला तवा?"

"तवा गेल्ते. गवंड्याला चहा घिऊन."

"मग काळं कुठं पडलं हुतं?"

सविताचा हात थांबला. "मला काय ठावं, आत्याबाई. माझ्या जिवाला कामं काय कमी हायेत का, ह्ये बघत बसायला?"

"चहा घिऊन गेल्तीस ना? डोळे घरी ठिवले हुते का?"

"मला मधी घालू नका तुमी मायलेकाच्या." सवितानं दोन कांदे जोरात ढिगावर आपटले. मग तिचा आवाज खाली आला, पण राग गेला नाही. "मी ह्यांना म्हनलं हुतं, आत्याबाईंना गाय दुसरीकडं बांधाय सांगा. तर म्हनले, सांगितलं तर का म्हनून इचारंल. मग मी बी गप बसले. रोज पहिला चहा वतताना ती गायच डोळ्याम्होरं यायची. तुमाला वाटतं, चहावरून तोंड वाकडं करते."

मनकर्णानं हातातला कांदा गोल्टीत टाकला. तो मोठ्यातला होता. ती उठली, आढ्याला खोवलेलं खुरपं काढलं आणि डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात रानाकडं निघाली.

रानात चिटपाखरू नव्हतं. जमीन इतकी तापली होती की चप्पल घालूनही टाच भाजत होती. तिनं खुंटा हलवून हलवून उपटला. वाळलेलं शेण, ओलं शेण, सकाळच्या घासाच्या काड्या, सगळं दोन्ही हातांनी ओढून लांब टाकलं. मग गुडघे टेकून खुरप्यानं उकरायला लागली. वरची चार बोटं काळी माती. तिच्याखाली माती लालसर लागली, भट्टीतल्या विटेसारखी भाजलेली, आणि तिच्यात कोळसे. बाभळीचे जड कोळसे, अजून चकाकणारे. एका मुठीत नखाएवढा पांढरा तुकडा आला. तो काय आहे हे तिनं निरखून पाहिलं नाही. होता तिथं परत ठेवला आणि त्यावर माती सारली.

तिला रडू आलं नाही. लाज वाटली. एवढी लाज तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती. वर्षभर रोज सकाळी आपल्या हातानं नवऱ्याच्या अंगावर जनावर बांधलं, आणि त्याच्याकडं पाठ करून विटांना तंबाखू मळून दिली. गुडघ्यांखालची माती भाजत होती तरी तिला उठावंसं वाटेना.

मोटारसायकल वाटेवर थांबली. सवितानं फोन केला असणार. बिभीषण लांब ढांगा टाकत आला आणि दोन हात अलीकडं थबकला.

"काय उकरतीस?"

"तुझा बाप."

त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघत नाही ना. "आत टाक ती माती. उद्या लोकं येनार हायेत."

"बिभ्या, तू वर्षभर बघत हुतास. म्या हितं गाय बांधायची."

"गाईला काय कळतंय."

"मला कळत हुतं का?"

बिभीषण उकिडवा बसला. आवाजात पुन्हा तो गोडवा आणला. "हे बघ आई. राख सावडली ती सगळी संगमावर गंगेत सोडली. हितं काय हाय आता? माती. हितली बी मातीच, तितली बी मातीच. पाच पावलांनी अण्णाला काय फरक पडतोय? जागा कुनाला मिळनार हाय? त्याच्याच नातवाला. त्यो असता तर त्यानं बी ह्येच केलं असतं."

हे शेवटचं मात्र खोटं नव्हतं. कानिफनाथानंही हयातभर दर पावसाळ्याआधी बांधाला दोन-चार कुदळी जास्तीच्या मारल्याच होत्या, आणि मनकर्णानं त्याला कधी अडवलं नव्हतं. शेतकऱ्याची जात, बांध कोरल्याशिवाय हात थांबत नाही. पण कुदळीनं बांध कोरणं वेगळं आणि बापाच्या नावानं कोरणं वेगळं, एवढं तिला कळत होतं. ते पोराला कसं सांगावं हे तिला कळेना.

"उद्या तू काय बोलू नको," बिभीषण म्हणाला. "नुस्तं ओट्यापाशी बसायचं. साहेबानं इचारलंच तर म्हनायचं, हितंच जाळलं, मी रोज येते. रोज येती त्ये तर खरंच हाय ना? गावानं बघितलंय."

"आन न्हाई म्हनले तर?"

तो उठला. गोडवा तिथंच जमिनीवर राहिला. "तर तुजं तू बघ. माझी भाकर खायाची आन पुंजाची तळी उचलायची, ह्ये माझ्या घरात चालायचं न्हाई." त्यानं पायानं माती लोटून खड्डा बुजवला. चप्पल पायात होती.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच मोजणीची माणसं आली. तिपाईवर यंत्र, त्याच्यावर छत्री धरायला एक गडी, नकाशाच्या सुरळ्या. पंच म्हणून आबासाहेब पाटील आले, आणि काम नसलेलं अर्धं गाव लिंबाखाली येऊन बसलं. भांडण फुकट बघायला मिळत असेल तर आमच्या लोकांना ऊन लागत नाही. बिभीषणानं त्या दिवशी चहा स्वतः आणला. आईला हाताला धरून ओट्यापाशी बसवलं, कप समोर ठेवला, पदर नीट केला. ती बाहुलीसारखी बसली. त्याला वाटलं, रात्रीतून म्हातारीचं डोकं ठिकाणावर आलं.

दोन तास यंत्र इकडून तिकडं फिरलं. मग मोजणीच्या साहेबानं घाम पुसत सांगितलं, "जुनी हद्द इथून जाते. ओटा साडेआठ फूट पुंजारामच्या गटात येतोय. खांबही."

"खांब काढतो," बिभीषण लगेच म्हणाला. "आजच काढतो. पन साहेब, ओटा? बाप हाय माझा त्यो. जुन्या मान्सांनी जशी वहिवाट धरली तसं आमी जाळलं. ही माझी आई, वर्षभर एक दिस न चुकता चहा घिऊन येती. काढायचा आसंल तर तिला सांगा, आन तुमच्या हातानं काढा."

लिंबाखाली कुजबूज सुरू झाली. समाधीला हात लावू नये. पुंजारामला काय कमी हाय. मेलेल्या मान्साशी कुनी भांडतं का. पुंजारामचं तोंड उतरलं. साहेबानं आबासाहेबांकडं पाहिलं, आबासाहेबांनी आपल्या चपलांकडं. ओटा तसाच राहिला की त्याला लागून वाट राहणार, आणि खांब आज काढले काय आणि दिवाळीला परत रोवले काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"दहन इथंच झालं असेल तर मला तसं पंचनाम्यात लिहावं लागेल," साहेब म्हणाला. "मग हा विषय माझ्या हातात राहत नाही. आजी, तुम्ही सांगा. यांना इथंच अग्नी दिला ना?"

मनकर्णा ओट्याला हात टेकून उठली. गुडघे कडकड वाजले ते पहिल्या रांगेला ऐकू गेले.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "तितं. पाच पावलं अलीकडं."

बिभीषण हसला, पण तोंडाची एकच बाजू हसली. "साहेब, आपरेशन झाल्यापसनं तिला भरम हुतो. काय बी बोलती."

"टाके पोटाला हुते, डोक्याला न्हाई," मनकर्णा म्हणाली. "भावजी, या हिकडं. सरन तुमी रचलं ना? ऱ्हावा तितं हुभं. दावा साहेबाला."

पुंजारामच्या तोंडावर एकदम उजेड आला. तो लगबगीनं निघाला, रुबाबात, लोकांकडं बघत.

"पायतान काढा आधी."

त्यानं चपला काढल्या. तापलेल्या मातीवर पाय ठेवताच त्याची चाल बिघडली. तो त्या जागेपाशी जाऊन एक पाय वर, एक पाय खाली करत उभा राहिला.

"आन आता उजेड पडलाय त्ये तोंड जरा खाली करा," ती म्हणाली. "तुमी बी वर्षभर पलीकडनं बघत हुताच की. एका शब्दानं म्हनला न्हाई, वैनी, गाय हितं बांधू नका. मोजनी लागली तवा तुमाला भाऊ आठवला. तवर गाईच्या मुतात बरा हुता तुमचा भाऊ."

पुंजारामनं मान खाली घातली. त्याचे पाय भाजत होते, पण चपला घ्यायला तो हलला नाही. साहेब कागदावर काहीतरी लिहायला लागला, आणि आबासाहेब म्हणाले, "झालं मग. ओटा काढायला हरकत न्हाई कुनाची."

"हात लावून तर बघा," बिभीषण म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "जो हात लावंल त्याचा हात—"

मनकर्णानं खांबांपाशी पडलेली पहार उचलली. पहार तिच्या ताकदीबाहेरची होती. पहिला घाव फरशीवरून घसरला आणि ती स्वतःच ओट्यावर पडता पडता वाचली. दुसऱ्या घावाला फरशी तडकली. तिसऱ्याला कडेच्या चार विटा सुटल्या आणि कप कलंडून चहा मातीत गेला. तिला कुणी अडवलं नाही. विधवा बाई नवऱ्याच्या ओट्यापाशी काय करते, त्यात कुणी हात घालत नसतं. बिभीषणाचा सगळा भरवसा याच रीतीवर होता.

आबासाहेबांनी जवळ येऊन पहार धरली. "बास वैनी. बाकीचं पोरं काढतील."

ती धापा टाकत बाजूला झाली. बिभीषण तिच्यासमोर आला. कपाळाची शीर टरटरून फुगली होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपसनं तू मला मेलीस."

"बरं," मनकर्णा म्हणाली. "मग रोज चहा आनत जा."

लिंबाखाली कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. बिभीषणानं मोटारसायकलला लाथ मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा उठली तेव्हा गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवलेला होता आणि दुधाचं पातेलं आतल्या कपाटात, कुलपात. सविता अंगण झाडत होती. "मला सांगितलंय तसं करते मी, आत्याबाई," ती खाली बघत म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. मनकर्णा मागच्या दारानं बाहेर पडली. तिनं परसात तीन विटा मांडल्या, तुराट्या पेटवल्या आणि गुळाचा कोरा चहा केला. कानिफनाथ कोऱ्या चहाला नाकं मुरडायचा. आता मुरड म्हणावं, तुझ्याच पोराची कृपा आहे. तिनं कपावर बशी घातली आणि गाय न सोडताच निघाली.

त्या जागी कप ठेवायला काही नव्हतं. तिनं बोटांनी थोडी माती उकरून खळगा केला आणि त्यात कप बसवला. पाणी शिंपडलं. तंबाखू मळली. मग समोर मांडी घालून बसली आणि रोजच्यासारखी सुरुवात केली, "चारीला म्हनं सोमवारी पानी सुटनार हाय."

आणि थांबली. याला चारीचं काय सांगायचं? याला काहीच माहीत नव्हतं. मागच्या सोमवारी चारी कोरडी गेली ते माहीत नव्हतं, ती का कोरडी गेली ते माहीत नव्हतं. गाय व्याली ते माहीत नव्हतं. पाऊस उशिरा आला, उसाला हुमणी लागली, सविताच्या बापाला अर्धांग झालं, सगळं तिनं सांगितलं होतं, रोजचं रोज, एकही दिवस न चुकता, आणि ते सगळं पुंजारामच्या रानातल्या विटांनी ऐकलं होतं. ती दवाखान्यातून जिवंत परत आली, एवढंसुद्धा याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला बिभीषणाचा राग आला, पुंजारामचा आला, गप्प बसलेल्या गावाचा आला. आपल्याला नगरला सोडून इकडं येऊन मेलेल्या या माणसाचाही आला. तो तर सगळ्यात जास्त आला.

"ऐका मग," ती म्हणाली. "पहिल्यापसनं सांगते. तुमी मला दवाखान्यात सोडून एसटीला गेला ना, त्या दिशी सांच्याला डाक्टर आला. म्हनला, आजी, घाबरू नका. म्हनलं, मी कशाला घाबरू, आमचे ह्ये परवा येनार हायेत डबा घिऊन."

ऊन चढलं. ती सांगत राहिली. शेजारच्या खाटेवरची कोल्हारची बाई, टाके कसे ओढायचे, गाडीतून आणताना सगळे गप्प का होते, दारातली माणसं. कुंकू कुणी पुसलं आणि कसं पुसलं. तेही तिनं गाळलं नाही. मग दीड महिन्याची कोंडी, मग मृग कोरडा गेला, मग पेरणी. घशाला कोरड पडली तसं तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

चारीच्या वाटेनं ट्रॅक्टर आला. मागं माती भुसभुशीत करणारा रोटा जोडलेला. बिभीषण सीटवर, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. त्यानं ट्रॅक्टर सरळ तिच्या अंगावर आणला आणि चार हातांवर उभा केला. इंजिनाचा धूर तिच्या तोंडावर येत होता.

"ऊठ," तो वरूनच म्हणाला. "रोटा मारायचाय."

"तिकडनं धर."

"समद्या रानात मारायचाय. हितं बी मारायचाय. माझं रान हाय."

"मार की. न्हाई कोन म्हनतंय." तिनं धुरामुळं डोळे बारीक केले, पण मान वळवली नाही. "मी सांगत सांगत अजून श्रावनातच हाय. पोळा यायचाय, दिवाळी यायचीय, संक्रांत यायचीय. तुजं नाव तर लई फुडं येतंय. तवर तिकडचं रान उरकून घे."

बिभीषणानं इंजिन दोनदा जोरात फुरफुरवलं. मग त्यानं गिअर टाकला, ट्रॅक्टर मागं घेतला आणि पलीकडच्या कडेपासून रोटा लावला. आवाज फार होता, म्हणून मनकर्णा थोडी पुढं सरकली आणि मोठ्यानं सांगायला लागली.